उष्ण, दमट आणि चढांची आयर्नमन : लंकावीची तयारी पुण्यात राहून कशी करायची?

प्रश्न : वय ४३, वजन ७० किलो, पुण्यात नोकरी. मागच्या वर्षी गोव्याची ७०.३ (म्हणजे अर्धी आयर्नमन) साडेसहा तासांत पूर्ण केली, पण धावण्याचे शेवटचे सात-आठ किलोमीटर जवळजवळ चालतच गेलो. आता नोव्हेंबरमध्ये मलेशियात लंकावीला पूर्ण आयर्नमन (३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं) करायची आहे. तिथलं ऊन, दमटपणा आणि सायकलच्या मार्गावरचे चढ यांची धास्ती वाटते. १३ तासांत होईल का? तयारी कशी करू, खाण्यापिण्याचं काय, आणि सायकलला कोणती कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या दातेरी चक्रांचा संच) लावू?

उत्तर :

तुम्ही १३ तासांबद्दल विचारलं आहे, पण मला तुमच्या प्रश्नातलं गोव्याचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. शेवटी चालावं लागलं की बहुतेक जण म्हणतात, रनिंग कमी पडलं, आणि पुढच्या हंगामात धावण्याचे किलोमीटर वाढवतात. मी इतकी वर्षं स्वतः या शर्यती करतोय आणि इतरांची तयारी करून घेतोय, त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे : उष्ण हवेतल्या लांब ट्रायथलॉनमध्ये माणूस धावताना थांबतो, पण त्याचं थांबणं सायकलवर ठरलेलं असतं, आणि त्यातही चढांवर. पुढे जे काही लिहितोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे. तुम्हाला यातलं बाकी काही जमलं नाही तरी चालेल, चढावर स्वतःला आवरणं मात्र जमलंच पाहिजे.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण कारण पटल्याशिवाय शर्यतीच्या दिवशी कोणी स्वतःला आवरत नाही. स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के पॅडलपर्यंत पोचते. उरलेली सगळी उष्णता होते. तुम्ही पॅडलवर २०० वॉट लावत असाल, तर शरीरात त्याच वेळी सहाशे ते आठशे वॉट उष्णता तयार होत असते, म्हणजे पोटात एक छोटा रूम हीटर लावून सात तास सायकल चालवण्यासारखं. ही उष्णता बाहेर काढायचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम पूर्ण सुकला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो सुकला तरच. दमट हवेत घाम सुकत नाही, कोपरावरून ठिबकतो, आणि ठिबकलेला घाम काहीच थंड करत नाही. पाणी आणि मीठ मात्र जातंच.

आता यात चढ मिळवा. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरने जाताना अंगावर सतत वारा असतो. चढाला लागलात की वेग दहावर येतो, वारा जवळजवळ संपतो आणि नेमक्या त्याच वेळी आपण जोर वाढवतो. उष्णता जास्त तयार होते आणि बाहेर कमी पडते. उतारावर वारा लागला की बरं वाटतं, पण ते त्वचेला वाटतं. आतलं तापमान एकदा ३९ अंशांच्या वर गेलं की चालत्या शर्यतीत ते खाली आणणं फार अवघड. मग हृदय त्वचेकडे जास्त रक्त पाठवू लागतं. पोटाकडे जाणारं रक्त कमी होतं. एनर्जी जेल (कर्बोदकांची घट्ट पेस्ट) आणि पाणी पोटात साठून राहतं, मळमळतं, खाणं बंद होतं. धावायला उतरता तेव्हा पाय ठीक असतात, पण इंधन जात नाही. दहा-बारा किलोमीटर कसंबसं निघतं आणि मग चालणं सुरू. गोव्यात तुमच्या बाबतीत असंच झालं असावं असा माझा अंदाज आहे. तुमच्या घड्याळातली त्या दिवसाची हार्ट रेटची रेघ उघडून बघा. सायकलच्या शेवटच्या तासात वेग तोच आणि ठोके आठ-दहाने वर, असं दिसलं तर शंकाच नको.

आता १३ तासांचं. ७०.३ची वेळ दुप्पट करून त्यात दीड तास मिळवा, हा माझा ठोकताळा आहे. तुमचे साडेसहा तास आहेत, म्हणजे साडेचौदा. लंकावीला हा आकडा प्रामाणिक आहे, आणि चांगलाही आहे. एकूण मुदत १७ तासांची असते, पोहण्यासाठी साधारण २ तास २० मिनिटं आणि सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेदहा तास. त्या वर्षीच्या स्पर्धकांसाठीच्या पुस्तिकेत कट-ऑफ आणि मार्ग दोन्ही बघून घ्या, मार्ग अधूनमधून बदलतात. १३ तास डोक्यात ठेवून गेलात तर पहिल्याच चढापासून घड्याळ तुम्हाला ढकलत राहील. त्यापेक्षा वेळेचं लक्ष्यच ठेवू नका. जोराची एक कमाल मर्यादा ठरवा आणि दिवसभर तिच्या खाली राहा. जी वेळ येईल ती तुमची खरी वेळ.

मर्यादा किती? पॉवर मीटर (पॅडलवरचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारा कमाल जोर, मोजून घ्या, पण ती पुण्याच्या सकाळच्या गारव्यात मोजलेली असेल हे लक्षात ठेवा. थंड हवेत हौशी खेळाडू १८० किलोमीटर एफटीपीच्या ६५ ते ७० टक्क्यांवर चालवू शकतो. लंकावीला सरासरी ६२ ते ६५ धरा. चढावर ८०च्या वर जायचं नाही. अगदीच उभा तुकडा असेल तर मिनिटभर ८५, त्यापुढे नाही. या आकड्याच्या जोडीला हार्ट रेटची वरची रेषा ठेवा, आणि दोघांचं पटलं नाही तर हार्ट रेटचं ऐका. उन्हात वॉट खोटं बोलत नाहीत, पण शरीराला त्या वॉटची किती किंमत मोजावी लागतेय हे ते सांगत नाहीत. पॉवर मीटर नसेल तर त्यासाठी खर्च करायची गरज नाही. चढावर नाकातोंडाने आरामात श्वास घेत एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हे माप पुरेसं आहे.

पहिल्या फेरीत प्रत्येक चढावर लोक तुम्हाला मागे टाकतील. पन्नास, शंभर, कितीही. त्यातले पुष्कळ जण संध्याकाळी रस्त्याच्या कडेने चालताना भेटतील. त्यांच्यामागे जायचं नाही. शिवाय ड्राफ्टिंगचा (पुढच्याच्या आडोशाने सायकल चालवण्याविरुद्धचा) नियम आहे : पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर, आणि त्या पट्ट्यात शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून जायला हवं. चढावर सगळे गोळा होतात आणि नकळत दंड बसतो. कोणी तुम्हाला ओलांडलं की तुम्हीच थोडं मागे सरका. तेवढीच विश्रांती.

हे फक्त नवशिक्यांना लागू आहे असं समजू नका. पॉला न्यूबी-फ्रेझरने हवाईची आयर्नमन जागतिक स्पर्धा एकूण आठ वेळा जिंकली. १९९५ साली ती पुढे होती, मागून कॅरन स्मायर्स अंतर कापत येत होती, आणि पॉलाने शेवटच्या टप्प्यात वेळ वाचवायला पाण्याची एड स्टेशन्स सोडली. शेवटची रेषा काहीशे मीटरवर असताना ती कोसळली. सुमारे २० मिनिटं रस्त्यावर पडून होती, मग उठून चालत गेली आणि चौथी आली. पुढच्याच वर्षी तिने ती स्पर्धा पुन्हा जिंकली. जगातल्या सर्वांत अनुभवी खेळाडूचा हिशेब उन्हात दोन-तीन एड स्टेशन्समुळे चुकू शकतो, तर आपण दिवसभर किती जपायला हवं याचा विचार करा.

आता तयारी. पुण्याचा प्रश्न असा की नोव्हेंबरच्या आधीचे आठवडे इथे छान असतात. सकाळी १८-२० अंश, कोरडी हवा. तुम्ही उत्तम सराव कराल आणि नेमकं तेच शरीर घेऊन ३२ अंश आणि चिकट हवेत उतराल. उष्णतेची सवय शरीराला १० ते १४ दिवसांत लागते. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं आणि ठोके खाली येतात. नंतर घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. ही सवय सोडली तर दोन-तीन आठवड्यांत बरीचशी निघूनही जाते, त्यामुळे मे महिन्यात उन्हात केलेला सराव नोव्हेंबरला उपयोगी पडत नाही. शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी सुरुवात करा आणि शेवटपर्यंत थोडं-थोडं चालू ठेवा.

कसं करायचं? घरातला ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) सगळ्यात सोयीचा. पंखा बंद, खिडक्या बंद, शेजारी गरम पाण्याची बादली. दर दिवशी ६० ते ९० मिनिटं, पण जोर अगदी हलका. इथे दमणं हा हेतूच नाही, तापणं हा हेतू आहे. बाथटब किंवा मोठं पिंप असेल तर हलक्या सरावानंतर लगेच ४० अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत २० मिनिटं बसा, हळूहळू ३०-४० मिनिटांपर्यंत न्या. घरात कोणीतरी असायला हवं आणि उठताना आधार घ्यायचा, चक्कर येते. रक्तदाबाचं किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नका. तसंही चाळिशीनंतर पूर्ण आयर्नमनला उतरण्याआधी स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी, या मताचा मी आहे. तंदुरुस्त दिसणं आणि हृदय ठीक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुणेकरांना आणखी एक मोठी सोय आहे, ती म्हणजे कोकण. घाट उतरलात की लंकावीच्या जवळपासची हवा मिळते. ऑक्टोबरमधला एखादा शनिवार-रविवार पोलादपूरला मुक्काम करा आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढा. खालच्या दमट हवेतून सुरू होऊन साडेतेराशे मीटरच्या आसपास पोचणारा हा चढ तुमच्या स्पर्धेतल्या कुठल्याही चढापेक्षा लांब आहे. पावसाळ्यात दरडींमुळे हा रस्ता बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. चिपळूणहून कुंभार्ली घाटही तसाच. कोल्हापूर-बेळगावकडचे लोक सावंतवाडीहून आंबोली चढतात, तोही अप्रतिम सराव आहे. सकाळी साडेआठ-नऊला चढायला लागा, म्हणजे ऊन लागेल. एकट्याने जाऊ नका, मागे गाडी किंवा निदान दोन साथीदार हवेत.

मात्र लंकावीचे चढ असे लांब नाहीत. ते आखूड, उभे आणि एकामागून एक आहेत. अशा रस्त्यावर जोर सारखा वरखाली होत राहतो आणि तेच पायांना आणि तापमानाला महागात पडतं. त्याच्या सरावासाठी बोपदेव घाट उत्तम. वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर, असं पाच-सहा वेळा. यात एकच परीक्षा : शेवटची चढण पहिलीइतक्याच वेळात आणि जवळपास तेवढ्याच ठोक्यांत झाली पाहिजे. पाच ठोक्यांपेक्षा जास्त फरक पडला तर पहिली चढण जोरात झाली असं समजा. बहुतेकांना पहिल्या दोन खेपा इतक्या हळू करायला लाज वाटते. ती लाज इथेच, सरावात घालवायची. कात्रज जुना घाट, बोपदेव आणि सिंहगड एकाच दिवशी जोडणारी फेरी महिन्यातून एकदा जरूर करा, पण तीही याच शिस्तीत. पुण्यातले ग्रुप प्रत्येक घाटावर शर्यत लावतात, त्यात मजा आहे, पण ऑगस्टनंतर तुमच्यासाठी ते नाही.

धावण्याबद्दल थोडक्यात : आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरून लगेच ४० ते ६० मिनिटं धावा, आणि शेवटच्या सहा आठवड्यांत हे दुपारी करा. दोन तासांच्या वरचं एकट्याचं लांब धावणं महिन्यात दोनदा पुरे. पोहण्याबद्दलही फार सांगायचं नाही, फक्त एवढंच की तिथलं समुद्राचं पाणी २९ अंशांच्या आसपास असतं आणि हौशी खेळाडूंना २४.५ अंशांपर्यंतच वेटसूटची पूर्ण मुभा असते, तेव्हा तो विसरा. वेटसूटचा तरंगता आधार नसताना ३.८ किलोमीटर जायची सवय हवी. तलावात ४ किलोमीटर सलग झाल्याशिवाय तिकीट काढू नका. समुद्राचा सराव हवा असेल तर डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर होणारी सागरी जलतरण स्पर्धा उत्तम आहे, पुढच्या हंगामासाठी डोक्यात ठेवा. कोमट पाण्यात जोर लावला तर पोहतानाही शरीर तापतं. पाण्यातून तापलेल्या अंगाने बाहेर पडणं म्हणजे दिवसाची सुरुवातच उधारीने.

खाण्यापिण्याकडे वळू. आधी घामाचा दर मोजा. शर्यतीच्या जोराने एक तास दमट हवेत सायकल चालवा, आधी आणि नंतर अंग पुसून, कपडे न घालता वजन करा. किलोचा फरक म्हणजे लिटर. मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. समजा ताशी १.४ लिटर घाम येतो. पोट उन्हात ताशी ०.८ लिटरच्या आसपास नीट शोषतं. तूट ताशी ०.६, सायकलच्या सात तासांत ४.२ लिटर, म्हणजे तुमच्या वजनाच्या ६ टक्के. या अवस्थेत मॅरेथॉन पळणं सोडाच, चालणंही धोक्याचं आहे. लोक इथे म्हणतात, मग जास्त पितो. पोट घेणार नाही. उपाय एकच, जोर कमी करायचा. जोर थोडा उतरवला आणि घाम १.१ लिटरवर आला, तर तूट ०.३, साडेसात तासांत सव्वादोन लिटर, तीन टक्क्यांच्या जरा वर. हे सांभाळता येतं. जो घाम पिऊन भरून काढता येत नाही, तो येऊच द्यायचा नाही, आणि तो सगळ्यात जास्त चढावर येतो.

नुसतं पाणी ढोसणं याहूनही वाईट. घामात सोडियम जातं, एका लिटरमागे माणसागणिक साधारण ४०० ते १५०० मिलिग्रॅम इतका फरक असतो. काळ्या टी-शर्टवर पांढरे नकाशे उमटत असतील तर तुम्ही वरच्या टोकाला आहात. मीठ न घेता पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं : बोटं सुजतात, घड्याळाचा पट्टा रुततो, डोकं दुखतं, मळमळतं, बोलणं विस्कळीत होतं. हे जिवावर बेतू शकतं, आणि हळू चालणाऱ्या, प्रत्येक एड स्टेशनवर दोन ग्लास पाणी पिणाऱ्या माणसाला त्याचा धोका जास्त असतो. लिटरमागे ८०० ते १००० मिलिग्रॅम सोडियम धरा. अडीच ग्रॅम मिठात एक ग्रॅम सोडियम असतं.

महागड्या पावडरी घ्यायच्या तर घ्या, पण हे घरचंही तितकंच चालतं : एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, दोन ग्रॅम मीठ, एका लिंबाचा रस. साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. दोघांचे आतड्यातून शोषले जाण्याचे मार्ग वेगळे, त्यामुळे नुसत्या ग्लुकोजपेक्षा जास्त इंधन आत जातं. ओआरएस चांगलं आहे, मात्र प्रमाणित ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं. ते जुलाबाच्या रुग्णासाठी बनवलंय, १८० किलोमीटरसाठी ते एकटं पुरत नाही. सायकलवर ताशी ६० ते ७० ग्रॅम कर्बोदकं घ्या. थंड हवेत लोक ९० पर्यंत जातात, उन्हात त्या नादी लागू नका. एका जेलमध्ये २०-२५ ग्रॅम असतात. पहिल्या तीन तासांत केळं, खजूर, मऊ राजगिरा वडी असं काही चावून खा, त्यानंतर फक्त द्रव आणि जेल. दुपारी कोरडी चिक्की घशाखाली उतरत नाही. जे काही घेणार असाल ते आंबेनळीच्या चढावर पोटाने स्वीकारलेलं हवं.

घड्याळाचाही एक मुद्दा आहे, जो आपल्याकडचे लोक हमखास विसरतात. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथली सकाळी साडेसातची सुरुवात म्हणजे आपल्या शरीराची पहाटेची पाच, आणि सव्वाचारला करायची न्याहारी म्हणजे पावणेदोन. त्या वेळी पोट झोपलेलं असतं. म्हणून निदान चार-पाच दिवस आधी पोचा, आणि निघण्यापूर्वीचा आठवडाभर झोप रोज थोडी अलीकडे ओढा. चार दिवसांत हवेची सवय पूर्ण लागत नाही, पण घरी केलेली तयारी टिकून राहते. आदल्या रात्री नारळाच्या दुधातलं आणि तिखट काही नको. मामाक (तिथल्या तमिळ मुस्लिमांच्या) खानावळींत साधा भात, डाळ, अंडं सहज मिळतं. दही मिळालं तर दहीभात, त्यासारखं दुसरं काही नाही. न्याहारीसाठी पोहे किंवा ओट्सची पाकिटं घरून न्या.

शर्यतीचा दिवस असा मांडून बघा. साडेसातला पाण्यात, नऊच्या सुमारास सायकलवर, साडेचारच्या आत-बाहेर धावायला. लंकावी मलेशियाच्या पश्चिम टोकाला आहे, त्यामुळे घड्याळाच्या मानाने तिथे सूर्य उशिरा माथ्यावर येतो, दुपारी एकच्या सुमारास, आणि मावळतो सातच्या आसपास. म्हणजे सगळ्यात वाईट उष्णता तुम्हाला सायकलच्या उत्तरार्धात मिळणार, तेच चढ दुसऱ्यांदा चढताना. तिथे वॉटकडे बघूच नका, फक्त ठोके. सकाळपेक्षा दहा-पंधरा वॉट कमी पडले तर पडू द्या. प्रत्येक एड स्टेशनवर एक बाटली पिण्याची आणि एक ओतायची : डोक्यावर, मानेवर, बाह्यांवर. चढाच्या पायथ्याशी अंग ओलं करून घ्या, कारण वर वारा नसणार आणि ओतलेलं पाणी घामाचं काम करेल. पांढऱ्या पातळ बाह्या वापरा, उन्हापासूनही वाचवतात.

धावायला उतरलात की पहिले बारा किलोमीटर सूर्य मावळण्याची वाट बघत काढायचे. मुद्दाम हळू. प्रत्येक एड स्टेशन चालत पार करा, टोपीखाली बर्फ, ट्रायसूटच्या छातीत बर्फ, हातात बर्फाचा ग्लास, दोन घोट आत. बूट भिजणार नाहीत याची काळजी घ्या, ओल्या मोज्यांतून फोड येतात. काखा, मांड्या आणि टाचा सकाळीच व्हॅसलिनने माखलेल्या हव्यात. सात वाजता अंधार पडला की हवा फार थंड होत नाही, पण अंगावरचं ऊन जातं, आणि ज्याने दिवसभर चढांवर राखून ठेवलंय त्याचा खरा वेग तेव्हा बाहेर येतो. त्या शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये तुम्ही इतक्या लोकांना मागे टाकाल की सकाळी पुढे गेलेले आठवणारही नाहीत. हे मी अनेकांच्या बाबतीत बघितलंय आणि दरवेळी तितकाच आनंद होतो.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल मी कठोर आहे. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या शर्यतीत घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडांवर त्या ताण आणतात आणि सोडियमचा घोळ वाढवतात. आणि थांबायचं कधी हे आधीच ठरवून ठेवा, कारण वेळ आली की डोकं चालत नाही. उन्हात अंगावर काटा, हुडहुडी, पावलं वाकडी पडणं, आपण कुठल्या फेरीत आहोत हे न आठवणं : यातलं काहीही झालं तर लगेच सावलीत बसा आणि मदत मागा. उष्माघातात घाम थांबतोच असं नाही, घाम येतोय म्हणून निश्चिंत राहू नका. सोबत येणाऱ्या घरच्यांना सांगून ठेवा की बोलणं असंबद्ध वाटलं तर आधी वैद्यकीय पथकाला बोलवायचं आणि बर्फाच्या पाण्याने थंड करायला सुरुवात करायची. उष्माघातात आधी थंड करायचं आणि मग हॉस्पिटलला न्यायचं, हाच क्रम आहे.

राहिली कॅसेट. तुमच्याकडे पुढच्या चक्रांना ५०-३४ दात असतील तर मागे ११-३२ दातांची कॅसेट हवीच, ११-३४ बसत असेल तर ती घ्या. सपाटीसाठीच्या कॅसेटवर उभा चढ म्हणजे इच्छा नसतानाही ३०० वॉट, आणि मग वर लिहिलेली सगळी शिस्त कागदावरच राहते. चढावर मिनिटाला निदान ७० पॅडल पडतील असा गिअर हवा. ट्राय बाइक (ट्रायथलॉनची खास सायकल) नसेल तर रोड बाइकला क्लिप-ऑन एरोबार (पुढे झुकून धरायचे, हँडलवर बसवायचे दांडे) पुरेत, या मार्गावर त्याने फार बिघडत नाही, उलट उतारावर हात ब्रेकजवळ राहतात. नोव्हेंबरात तिथे अचानक सर येते आणि उतार निसरडे होतात, म्हणून टायर २५ किंवा २८ मिलिमीटरचे, हवा थोडी कमी, आणि ब्रेक पॅड नवे. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे, ते एक बरं. रस्त्याकडेला माकडं असतात, वरच्या नळीवर सोललेली केळी चिकटवून ठेवू नका. मागची कॅसेट मोठी केली की डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढे दात पेलतो का आणि चेन आखूड पडत नाही ना, हे दुकानातून निघण्याआधी बघून घ्या, आणि सायकल पेटीत भरण्यापूर्वी दोन भरलेल्या बाटल्या आणि स्पर्धेची पिशवी लावून सिंहगड एकदा बसूनच, न उठता, वरपर्यंत चढून या.